टेका

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घ्यायच्या काळजीचं एक माहितीपत्रक मी मराठीत करून दिलं होतं. पहिल्या तपासणीला येताना 'सपोर्ट' घेऊन या, असं मूळ इंग्रजीत होतं. मी लिहिलं, 'येताना आधार घेऊन यावे.' काही दिवसांनी रुग्णालयातल्या नर्सताईंचा फोन आला. एक आजोबा भिंत धरत धरत एकटेच आले होते. सोबत कोणी का नाही म्हणून विचारलं, तर त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं कार्ड काढलं. "आणलं ना जी आधार!"

२०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हापासून हा चांगला शब्द आम्हा अनुवादकांच्या हातून निसटतच गेला आहे. पण सगळं खापर कार्डावर फोडून चालणार नाही. डॉक्टरांना काय म्हणायचं होतं? काठी, वॉकर, की धरून आणणारं माणूस? इंग्रजी शब्दाने ते सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आता तिथे 'घरचं कोणीतरी सोबत आणा' असं छापलंय.

'सपोर्ट' हा शब्द मूळ लॅटिनचा, अर्थ खालून उचलून धरणं. इंग्रजीत त्याला कुठेही उभं करा, तक्रार नाही. मराठी मात्र आधी विचारते, शरीराचा कुठला भाग कामाला लावलाय? पाठिंब्यात पाठ आहे, हातभारात हात, पोटगीत पोट. खांद्याचं जरा जपून. एका पतसंस्थेच्या अहवालात नवख्या सहकाऱ्याने 'सभासदांनी अध्यक्षांना खांदा द्यावा' असं लिहिलं होतं, ते मी अगदी वेळेवर खोडलं. पोटगीचाही घोळ होतो. अमेरिकेतल्या मराठी जोडप्यांच्या घटस्फोटाचे कागद येतात, त्यात मुलांसाठीचा 'सपोर्ट' असतो. तिथे पोटगी लिहिली की घरच्यांना वाटतं, पैसे बायकोला चाललेत. मी 'मुलांचा निर्वाहखर्च' लिहितो. शब्द रुक्ष आहे, पण त्यावरून भांडण होत नाही.

आणि समर्थन. मराठीत समर्थन व्हायचं ते मताचं, कृतीचं, बहुधा युक्तिवादाने. हिंदीतून ते सरसकट सगळ्या 'सपोर्ट'साठी आलं. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होतं. त्यामुळे आमच्या कानांना हा शब्द खटकतच नाही, आणि अनुवाद करताना अडचण होते ती तिथेच.

सगळ्यात जास्त मी अडलो ते कापसाच्या भावापाशी. केंद्र सरकार दरवर्षी जो भाव जाहीर करतं, तो इंग्रजीत 'सपोर्ट प्राइस', हिंदीत समर्थन मूल्य, सरकारी मराठीत किमान आधारभूत किंमत. काटोल असो की यवतमाळ, शेतकरी म्हणतो हमीभाव. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला तो क्विंटलमागे ८११० रुपये ठरला. इंग्रजी शब्दाचं म्हणणं एवढंच की भाव पडायला लागला तर खालून काहीतरी लावू. मराठी शब्द थेट हमी देतो. प्रत्यक्षात भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. २०२०-२१ च्या दिल्लीच्या आंदोलनातली एक मागणी मराठीत लिहायची वेळ आली, तेव्हा वाक्य झालं, 'हमीभावाला कायद्याची हमी द्या.' हमीलाच हमी! मी हसलो, मग पेन खाली ठेवला. शेतकऱ्याने सरकारच्या शब्दाचा अनुवाद केलाच नव्हता. त्याने स्वतःला हवा असलेला शब्द लिहून ठेवला होता. मी आजही हमीभावच लिहितो, कारण वाचक त्याचा आहे. पण सरकारने न दिलेलं वचन आपण देऊन बसलो, असं दर वेळी वाटतं.

अनुवादाकडे वळण्याआधी मी वर्तमानपत्रात रात्रपाळीला होतो. १९५३ च्या नागपूर कराराच्या पुण्याईने दर डिसेंबरात विधिमंडळ इथे येतं, त्यामुळे पाठिंबा हा शब्द आमच्या डेस्कवर चहाइतका सवयीचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये विधानसभेचे निकाल पुरते लागलेही नव्हते, तोच गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांनी भाजपला राष्ट्रवादीचा बाहेरून पाठिंबा जाहीर केला. आता मथळा 'बाहेरून पाठिंबा' द्यायचा की 'राष्ट्रवादीचा टेकू'? बातमी तीच. पण पाठिंबा हा देणाऱ्याचा शब्द आणि टेकू विरोधकाचा. इंग्रजी उपसंपादकाला या पेचात पडावंच लागत नाही. त्याचा मला तेव्हा हेवा वाटायचा. आता वाटत नाही.

गेल्या वर्षी संत्रा बागायतदारांसाठी एक पुस्तिका आली. यंत्राने केलेला कच्चा मसुदा सोबत होता. त्यात लिहिलं होतं, 'फळांनी लदलेल्या फांद्यांना समर्थन द्यावे.' जणू फांदी जिल्हा परिषदेला उभी होती. मी वरूडकडच्या एका ओळखीच्या बागेत गेलो. आंबिया बहाराची फळं, फांद्या जमिनीकडे झुकलेल्या, आणि प्रत्येकीखाली दुबेळक्याचा बांबू.

"याला काय म्हणता?"

"टेका. अजून काय?"

"आणि तोड झाल्यावर?"

"काढून ठेवतो ना जी. पुढच्या बहाराले लागते."

घरी येऊन मी लिहिलं, 'फांद्यांना बांबूचे टेके द्यावेत. तोड झाल्यावर टेके काढून ठेवावेत.' दुसरं वाक्य मूळ इंग्रजीत नाही, म्हणून तपासणीत ते खोडलं गेलं.