तिसरे रीळ

नांदेडहून लातूरला जाणारी एस.टी. लोहा मागे टाकून थोडी पुढे आली की माळेगाव लागते. खंडोबाचे हे गाव. मार्गशीर्षाच्या अखेरीस येथे यात्रा भरते आणि माळावर घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा मोठा बाजार उभा राहतो. सत्तरच्या दशकात आम्ही काही शाळकरी मित्र वडीलधाऱ्यांचे बोट धरून या यात्रेला जात असू. मोठ्यांचे लक्ष बैलांच्या दातांकडे असे. आमचे मात्र दिवे लागण्याच्या वेळी उभ्या राहणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या तंबूकडे.

तंबूत खुर्च्या नव्हत्या. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मध्ये एक दोरी, आणि खाली माळाची माती. मागे मालमोटारीवर बसवलेल्या प्रोजेक्टरची घरघर, कार्बनच्या कांड्यांचा जळका वास आणि समोर वाऱ्याने हलणारा पडदा. तंबूचा मालक मात्र पडद्याकडे क्वचितच पाही. तो पाही प्रेक्षकांकडे. लोकांनी गाणे पुन्हा मागितले की रीळ मागे फिरवून ते पुन्हा दाखवी, आणि एखाद्या भयंकर प्रसंगाला लेकरे रडू लागली तर खुशाल भिंगासमोर हात धरी. क्षणभर तंबूत काळोख होई, लेकरे शांत होत, मग हात बाजूला होई आणि चित्रपट पुढे चाले.

पुढे आम्ही महाविद्यालयात गेलो, चार पुस्तके वाचली आणि त्या मालकाला हसू लागलो. कलाकृतीवर हात धरणारा हा कोण, असे आम्हाला वाटू लागले. १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, १९५९ साली अशा संस्थांचे महासंघ स्थापन झाले, १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. हे सारे आम्ही भक्तिभावाने वाचले होते. नोकरीच्या निमित्ताने आमच्यापैकी काहीजण लातूरला स्थिरावले, तेव्हा तेथेही असे एक लहानसे मंडळ काढण्याचे आम्ही ठरवले. दोघे शिक्षक, एक बँकेतील कारकून, एक औषधविक्रेता, असे आमचे बळ. महिन्यातून एका शनिवारी एका सभागृहात आम्ही चित्रपट दाखवीत असू. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून १६ मि.मी.च्या प्रती मिळत. रिळांचे पत्र्याचे डबे एस.टी.तून मांडीवर घेऊन यायचे आणि सोमवारच्या आत परत पोचवायचे. सभासद चाळीस, येणारे बारा-पंधरा. शहरातील चित्रपटगृहांपुढे रांगा लागत, आणि आम्ही बाराजण एकमेकांकडे पाहून समाधान मानत असू, की आपण निराळे आहोत. हे निराळेपण हाच आमचा खरा करमणुकीचा विषय होता, हे आज कबूल केले पाहिजे.

मग १९९३ साल उजाडले. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगावच्या मंडळांनी गणपतीचे विसर्जन केले, लोक दमून उशिरा झोपले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारच्या सुमारास, धरणी हलली. किल्लारी आणि आसपासच्या गावांतील घरे दगडमातीच्या जाड भिंतींची होती. वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे माणसांच्या अंगावर आले. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली.

लातूरहून किल्लारी चाळीसेक किलोमीटर. पहिल्या दिवसांत आम्हीही इतरांप्रमाणे धान्य आणि कपडे घेऊन गेलो. हिवाळा आला, लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले, आणि आमच्यापैकी कोणाच्या तरी मनात आले की या लोकांना एक चांगला चित्रपट दाखवावा. 'चांगला' हा शब्द आमचा. १९९४ च्या फेब्रुवारीत आम्ही 'पथेर पांचाली'ची प्रत मागवली. गरीब कुटुंब, पडके घर, आईची ओढाताण; या लोकांना तो आपला वाटेल, असा आमचा हिशोब होता. त्यांना विचारावे, असे कोणाच्याही मनात आले नाही.

दोन ओळींतल्या निवाऱ्यांच्या मधल्या वाटेवर आम्ही चादर ताणली, जनरेटर लावला. तीनएकशे माणसे जमली. भाषा बंगाली; आमच्यातील एकजण ध्वनिक्षेपकावरून मराठीत थोडे थोडे सांगत होता. पहिली दोन रिळे लोकांनी मनापासून पाहिली. मिठाईवाल्याच्या मागे धावणाऱ्या भावंडांना लेकरे हसली, म्हातारी इंदिर ठाकरून गेली तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आम्ही एकमेकांकडे विजयी मुद्रेने पाहिले आणि तिसरे रीळ चढवले.

तिसऱ्या रिळात ती वादळी रात्र आहे. दुर्गा तापाने फणफणलेली, दार धडधडते आहे, आई ते अंगाच्या जोराने दाबून धरते आहे, आणि फळीवरची गणपतीची मूर्ती हलते आहे. वाटेवर एकदम शांतता झाली. मागे एक मूल किंचाळले, मग दुसरे. काही पुरुष उठून अंधारात निघून गेले. तेवढ्यात पुढच्या ओळीतील एक आजी उठल्या आणि प्रकाशाच्या झोतात येऊन उभ्या राहिल्या. चादरीवर त्यांची मोठी सावली पडली.

"बाबांनो, ही रात आम्ही बघितलीय," त्या म्हणाल्या. "पुरं करा आता."

आम्ही यंत्र बंद केले. कोणी रागावले नाही. एका घरातून आम्हाला चहासुद्धा आला. परतताना जीपमध्ये कोणीच बोलले नाही. भिंगासमोर हात धरणारा माळेगावचा तो मालक त्या रात्री आम्हा सर्वांना आठवत होता, हे आम्हाला एकमेकांना सांगायला पुढे अनेक महिने लागले.

नंतरच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आधी विचारले. हसायचे काहीतरी आणा, असे उत्तर आले. आम्ही भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर घेतला आणि 'अशी ही बनवाबनवी' लावला. १९८८ सालचा हा चित्रपट आमच्या मंडळाच्या सभेत कोणी सुचवला असता तर आम्ही नाक मुरडले असते. पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून चार तरुण काय काय सोंगे करतात, याची ती कथा. ज्यांची घरे जमीनदोस्त झाली होती ती माणसे, घरासाठी वणवण करणाऱ्या चौघांवर पोट धरून हसली. त्या आजीही हसल्या. आम्हाला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही, पण त्यात काही हलके नव्हते, एवढे कळले.

खरी गोष्ट पुढेच आहे. पावसाळा संपल्यावर निरोप आला, की तो राहिलेला सिनेमा घेऊन या. आम्हाला खरे वाटेना. विचारायला गेलो, तेव्हा आजी म्हणाल्या, "त्या लेकरांचं पुढं काय झालं, ते बघायचं राह्यलंय. तसंच सोडून चालत नाही."

आम्ही प्रत आणली. वादळाचा प्रसंग कोठे येतो ते आधी सांगितले. ज्यांना नको त्यांनी लेकरांना घेऊन बाजूला जावे. काही गेले, पुन्हा येऊन बसले. पोटापाण्यासाठी दूर गेलेला बाप परत येतो, मुलीसाठी आणलेली साडी काढून दाखवतो, आणि आईला हुंदका आवरत नाही, तेव्हा त्या वाटेवर बसलेले कित्येक बाप मान खाली घालून रडले. भूकंपाच्या रात्री बाहेरगावी असलेले आणि परतून ढिगारा पाहिलेले लोक त्यांत होते. शेवटी ते कुटुंब बैलगाडीत बसून गाव सोडते. दिवे लागले तरी कोणी उठेना. त्या सुमारास पडक्या गावांचे पुनर्वसन नव्या जागी करण्याचे काम चालले होते. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे पुढे दुसरीकडे वसली. त्या रात्री बराच वेळ लोक बोलत बसले, ते चित्रपटाविषयी नव्हे; जुन्या गावातील विहीर, देऊळ, स्मशान सोडून जावे की नाही, याविषयी. जी गोष्ट अधिकाऱ्यांसमोर तोंडातून निघत नव्हती, ती त्या बैलगाडीमुळे निघाली. आम्ही तेथे केवळ जनरेटर सांभाळीत होतो.

वाचकहो, १९१०–११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, आणि तो पाहता पाहताच त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, हे आपणांस ठाऊक असेल. त्यातूनच १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पडद्यावर एक असते आणि बघणारा आपले दुसरे पाहत असतो. आपल्या देशातील चित्रपटाचा जन्मच असा झाला. दाखवणाऱ्याचा अधिकार फार थोडा. तो तंबू उभारतो, दिवा लावतो, आणि वेळप्रसंगी दिव्यासमोर हात धरतो.

आज यात्रांतील तंबू जवळजवळ उठले. महाराष्ट्रातील या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट निघाला आणि २०१६ साली तो कान येथे गौरवला गेला. म्हणजे ती गोष्ट आता आठवणीत जमा झाली. आमचे मंडळही केव्हाच मिटले. लातुरात आता अभिजात फिल्म सोसायटी आहे, तरुण मुले तेथे जगभरचे चित्रपट पाहतात, याचा आम्हाला आनंद वाटतो. त्यांना उपदेश करावा अशी आमची योग्यता नाही.

मात्र कधी एस.टी.ने नांदेडला जाताना माळेगावचा माळ दिसला, की आम्ही खिडकीतून पाहतो. तो मालक चित्रपटाकडे पाठ करून का उभा असे, हे समजायला आम्हाला एक भूकंप आणि एका आजींची सावली लागली.