मेडशीच्या घाटात देशाचा भूगोल

अकोल्याहून वाशिमला निघालं की पातूरनंतर रस्ता घाट चढू लागतो. पातूरला शेख बाबूंचा दर्गा आहे. जुन्या कागदांत गावाचं नावही पातूर शेख बाबू असंच येतं. तिथे जोहरची नमाज अदा करून आम्ही मेडशीला मामूंकडे पोचलो. धाकटी वाटभर भूगोल पाठ करत होती, ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरचा देश!

"पाठ कशाला करतेस, बेटा? इथे उभी राहून बघ," मामू म्हणाले.

मुघल काळात वऱ्हाडचे दोन भाग मानत: खालचा पाईनघाट आणि वरचा बालाघाट. फारसीत पाईन म्हणजे खाली, बाला म्हणजे वर. मेडशी या दोहोंच्या काठावर आहे. इकडच्या डोंगरांतलं पाणी मोर्णेतून अकोला शहर ओलांडून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळतं, सुरतेजवळ अरबी समुद्रात जातं. वाशिमच्या पलीकडे पडलेला पाऊस मात्र पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी वाट धरून बंगालच्या उपसागराला पोचतो. एकाच जिल्ह्याचं पाणी देशाच्या दोन टोकांना जातं! काटेपूर्णेचं पाणी महानच्या धरणात अडतं, ते आम्ही अकोलेकर पितो. डोंगरातल्या विहिरी मात्र उन्हाळ्यात तळ गाठतात. हे ऐकताना आम्ही जरा ओशाळलोच.

ईशान्येला काटेपूर्णा अभयारण्य आहे. तिथला चौशिंगा भारत आणि नेपाळ सोडून जगात कुठेच आढळत नाही. चार शिंगं फक्त नराला. हा लाजाळू प्राणी पाण्यापासून फार लांब राहत नाही, म्हणजे झरा आटला की त्याचंही घर गेलं. आम्हाला काही तो दिसला नाही. रोही मात्र रस्त्यालगतच्या तुरीत खुशाल चरत होते. मामूंनी दगड उचलला, मग टाकून दिला. "रोजचंच आहे," म्हणाले.

शेती काळ्या मातीची, बहुतेक पावसावरची. सोयाबीन, तूर, कापूस. देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल परदेशातून आणतो. तरी २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात चार हजारांच्या आसपासच मिळत होते. धाकटीने वहीत दोन्ही आकडे लिहून वजाबाकी केली आणि मामूंना दाखवली.

मामूंच्या पडवीत पोती तशीच रचलेली होती.