पिंजऱ्यांतील साथ

साथीचा विषय निघाला कीं मुंबईकर वाचकांस परळ आठवतें. १८९६ च्या प्लेगानंतर हाफकीनसाहेबांची प्रयोगशाळा १८९९ सालीं तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली, हें आम्हीं पुष्कळ वर्षें वर्गांत शिकविलें. पुढें १९७० सालीं परळांतच प्रजननसंशोधनाची संस्था निघाली व तेथें माकडांवर अभ्यास झाला. परंतु ज्या मुक्या जिवांवर अशी विद्या उभी राहते, त्यांनाच साथीनें गांठलें तर काय करावें, हा प्रश्न आपल्या घरांत क्वचितच निघतो.

माकड म्हणजे रोगांचें गांठोडें, असा सार्वत्रिक समज आहे. तो सर्वस्वी खोटा नव्हे. १९५७ सालीं आजच्या कर्नाटकांतील क्यासनूरच्या अरण्यांत माकडें मरूं लागलीं आणि मागोमाग माणसेंही दगावलीं. गोचिडींतून पसरणारा तो ताप पुढें आपल्या सिंधुदुर्गांतही आला. क्षय आणि गोवर मात्र बहुधा उलट्या वाटेनें जातात. रानांतल्या माकडास ते सहसा ठाऊक नसतात. पकडल्यावर माणसाच्या श्वासांतून लागतात आणि मग पिंजऱ्यामागून पिंजरा धरतात.

म्हणून नवें माकड आलें कीं त्यास कित्येक आठवडे वेगळें ठेवतात. पापणीच्या कातडींत ट्यूबरक्युलिन टोंचून ती तीन दिवसांत सुजते काय, हें पाहतात. नुकताच शिरलेला क्षय पहिल्या परीक्षेंत सांपडत नाहीं, म्हणून निदान दोन आठवड्यांच्या अंतरानें ती पुनः करतात. रोगी ठरलेलें माकड इतरांच्या जिवासाठीं बहुधा मारावेंच लागतें. निगा राखणाऱ्या सेवकाचीही छाती तपासतात व त्यास मुखपट्टी बांधावयास लावतात.

आमच्या मतें सर्व मर्म या शेवटच्या नियमांत आहे. लालबागच्या चाळींत आमच्या शेजारीं एक गिरणीकामगार राहत असत. रात्रभर खोकत आणि पहाटे भोंगा होतांच कामावर जात. कारण रजा म्हणजे बुडालेली मजुरी. ते डॉक्टरांकडे गेले तेव्हां धाकट्या मुलीसही क्षय लागला होता. माकडांचा सेवकही असाच संसारी मनुष्य. खोकला सांगितल्यानें पोटावर पाय येणार असेल, तर तो खोकला दडवील. मग टोंचण्या आणि कुलुपें कितीही असोत, व्यर्थ होत. आजारी सेवकास पगारी रजा, हाच साथीवरील पहिला उपाय होय.

आपल्याकडे एका मुलास गोवर आला कीं दुसऱ्यास मामाकडे धाडण्याची रीत होती. पिंजऱ्यांतल्या माकडास मामाचें घर नाहीं. ज्यास आपण पळूं देत नाहीं, त्याच्यापाशीं आपला रोग नेऊं नये, एवढें ऋण तरी विद्येनें मानावें.