झुरळ पाळावं म्हणते...

"आई, आता हॅमस्टर नको. झुरळ आण."

चिरंजीव (वय वर्षं दहा) जेवता जेवता म्हणाले आणि माझा घास हातातच राहिला. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली. रात्री पाणी प्यायला उठलं की स्वयंपाकघराचा दिवा लावायचा आणि दाराबाहेरच उभं राहून दहा आकडे मोजायचे, म्हणजे मंडळींना पळायला वेळ मिळतो, हा आमचा नेम. आई कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्या वळून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायची. त्या घरातल्या मुलीच्या पोटच्या पोराने हे मागावं? आणि तेही इथे इंग्लंडात येऊन, जिथे मी दहा वर्षांत एकदाही झुरळ पाहिलं नाही!

पण नाही म्हणता येईना. फेब्रुवारीत आमचा लाडू हॅमस्टर गेला. जेमतेम दोन वर्षांचा होता. चिरंजीव रडले नाहीत, पण तीन आठवडे पिंजऱ्याला कोणाला हात लावू दिला नाही. घरमालकाला कुत्रा-मांजर चालत नाही. अशात शाळेच्या वाचनालयातून किड्यांचं एक पुस्तक घरी आलं आणि त्याने मला एकच प्रश्न विचारला, "यातलं सगळ्यात जास्त कोण जगतं?"

मग मी वाचायला बसले. जगात झुरळांच्या साधारण ४,५०० जाती आहेत आणि त्यातल्या माणसाच्या घराच्या आसपास राहणाऱ्या फार तर तीसेक. म्हणजे तीस जणांवरून मी आयुष्यभर साडेचार हजारांना शिव्या घातल्या होत्या. असो, त्याबद्दल माफी मागायची माझी अजून तयारी नाही.

माझ्या अटी सरळ होत्या. उडायचं नाही, धावायचं नाही, पिलावळ वाढवायची नाही, आणि निसटलंच तर माझ्या घरात संसार थाटायचा नाही. त्याच्या अटी दोनच, हातावर बसलं पाहिजे आणि पुष्कळ जगलं पाहिजे.

डुबिया नावाचं दक्षिण अमेरिकेतलं झुरळ मला पसंत पडलं होतं. काचेसारख्या गुळगुळीत भिंतीवर त्याला चढताच येत नाही, म्हणजे निम्मी काळजी मिटली. पण ते विकलं जातं मुख्यतः पाळीव सरड्यांचं खाद्य म्हणून. "आई, ते कोणाचं तरी जेवण आहे," म्हणून नापास.

मग सापडलं डॉमिनो. चक्क आपलं, दक्षिण भारतातलं! काळं कुळकुळीत अंग आणि त्यावर खडूने काढल्यासारखे सात पांढरे ठिपके. खरं सांगते, क्षणभर मी झुरळ हा शब्दच विसरले. पण त्याची पिल्लं कित्येक महिने मातीखाली असतात, आणि एवढी वाट पाहून वर आलेलं देखणं झुरळ काही महिन्यांतच मरतं. हे वाचून दाखवलं तर तो एवढंच म्हणाला, "परत तेच." मी पान उलटलं.

ऑस्ट्रेलियात एक बिळात राहणारं राक्षसी झुरळ आहे. आठ सेंटिमीटर लांब, तीस ग्रॅमहून जड, पंख नाहीत आणि दहा वर्षं जगू शकतं. त्याची आई पिल्लांना बिळात सांभाळते म्हणे. दहा वर्षं! तो वीस वर्षांचा होईल तोवर. तिथे मी थोडा वेळ हिशोब करत बसले. पण त्याला खोल वाळू लागते, निलगिरीची वाळकी पानं लागतात, किंमतही नवशिक्यांना घाबरवणारी.

शेवटी ठरलं मादागास्करचं फुत्कारणारं झुरळ. पंख नाहीत, चाल संथ, हातावर बसतं, नीट ठेवलं तर दोन ते पाच वर्षं जगतं. डिवचलं की अंगावरच्या श्वासाच्या छिद्रांतून हवा सोडून "फस्स" करतं. मात्र हे महाशय काचेवर मस्त चढतात, म्हणून घट्ट झाकण आणि वरच्या कडेला आतून व्हॅसलीनचा पट्टा. मादी घ्यायची नाही, कारण ती पोटात अंडी घेऊनच आली तर एके दिवशी वीस-तीस पिल्लं समोर. दोन नर घेतले. नरांच्या मानेवर दोन उंचवटे असतात, त्यांनी ते एकमेकांना ढकलतात, म्हणून लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भरपूर. खायला गाजराची सालं, सफरचंद, मांजराचं थोडं कोरडं खाणं. आणि हो, घरात कोणाला दमा असेल तर हा नाद नकोच, झुरळांच्या विष्ठेने आणि टाकलेल्या कातीने तो बळावू शकतो.

ऊब मात्र लागते, पंचवीस अंशांच्या वर. आमचं घर हिवाळ्यात अठराच्या वर जात नाही (नवऱ्याची कृपा), त्यामुळे पेटीच्या बाजूला हीट मॅट लावली. या थंडीत बाहेर पडलं तर ते काही संसार थाटणार नाही, हे समाधान माझं.

परवा व्हिडिओ कॉलवर नातवाने आजीला दाखवलं. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "किती जगतं रे हे?"

"पाच वर्षं पण जगू शकतं आजी!"

"मग असू दे. तो लाडू फार लवकर गेला."

आणि फोन माझ्या हातात आल्यावर हळूच, "हे बघ, मी मे महिन्यात येईन तेव्हा ती पेटी माझ्या खोलीत नको हं."

आता पंचाईत अशी की पेटी तिच्याच खोलीत आहे. घरात सगळ्यात उबदार खोली तीच. बघू.