समुद्रसपाटीखालचा उंबरठा

ॲमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे तीन मीटर खाली आहे. विमानातून उतरणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. धावपट्टी कोरडी असते, कडेचे गवत हिरवेगार असते आणि वरचे आकाश इतर कोणत्याही देशासारखेच दिसते. परंतु गेल्या जून महिन्यात सांगलीहून आलेल्या एका दांपत्याला मुलाने सामानाची गाडी ढकलता ढकलताच ही गोष्ट सांगितली, आणि वडील जागच्या जागी थांबले. मागचे प्रवासी त्यांना वळसा घालून पुढे गेले. "म्हणजे हे सगळं पाण्याच्या खाली?" एवढेच त्यांनी विचारले.

हे गृहस्थ गणपती पेठेत हळदीची अडत चालवतात. पेठेत लहानथोर सारे त्यांना अण्णा म्हणतात, आणि त्यांच्या पत्नीला आक्का. पाण्याशी अण्णांचे जुने वैर आहे. हळद साठवण्यासाठी सांगलीलगतच्या हरिपुरात जमिनीत खोल खणलेली पेवे होती. तोंड बंद केले की आत हवा नाही, कीड नाही, आणि माल वर्षानुवर्षे जसाच्या तसा राही. जमिनीच्या पोटात ठेवलेल्या धनाला धोका नाही, या भरवशावर कित्येक पिढ्यांचा व्यापार चालला. २००५ च्या महापुराने त्या पेवांची वाताहत केली आणि भरवसाही बुडाला. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची रेषा ओलांडली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट धरतात. अण्णांच्या गोदामात छातीइतके पाणी आले. पोती कुजली, ती विम्याने थोडीफार भरून निघाली. मात्र खालच्या कपाटातल्या आजोबांच्या हातच्या चोपड्यांचा लगदा झाला, त्याची भरपाई कोण देणार?

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलाने हॉलंडमध्ये घर घ्यावे आणि तेही समुद्रसपाटीच्या चार मीटर खाली, हा योग विलक्षणच म्हणायचा. करार झाला होता; नोटरीसमोरची शेवटची सही तीन आठवड्यांनी व्हायची होती. नातेवाइकांना आणि मित्रांना भेटण्यासाठी उन्हाळ्याची सहल, असे पेठेत सांगून दोघे निघाले होते. ते खोटे नव्हते. पण सही होण्यापूर्वी एकदा समोरासमोर बोलावे, मुलगा पेढीवर परतणार की नाही हे त्याच्याच तोंडून ऐकावे, हा हेतू आक्कांना ठाऊक होता आणि मुलालाही.

पहिले काही दिवस ॲमस्टरडॅमला खेटून असलेल्या ॲमस्टलव्हेन येथे, मुलाच्या भाड्याच्या घरात गेले. या उपनगरात भारतीयांची वस्ती इतकी वाढली आहे की संध्याकाळी बागेत मराठी, तेलुगू, हिंदी कानांवर पडते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा अण्णांचा नियम येथे भलताच सोपा झाला. जूनअखेरीस तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. साडेसातला जेवण झाले तरी उन्हे गच्चीवर रेंगाळलेलीच. सहा वर्षांच्या नातीला लख्ख उजेडात झोपवताना आक्कांची मात्र तारांबळ उडे. "आज्जी, अजून दिवस आहे," या तिच्या युक्तिवादाला उत्तर सापडत नसे.

व्यापाऱ्याला परदेशात काय दाखवावे, हे मुलाला चांगले कळत होते. एके दिवशी भल्या पहाटे त्याने अण्णांना जवळच्या आल्समीर येथील फुलांच्या लिलावाला नेले. जगातल्या सर्वांत मोठ्या फुलबाजारांपैकी हा एक. उंचावरच्या सज्जातून खाली पाहिले की फुलांनी भरलेल्या गाड्यांच्या रांगाच रांगा सरकताना दिसतात. तिथली रीत मात्र आपल्या उलट आहे. आपल्याकडे बोली खालून वर चढते. येथे घड्याळाचा काटा चढ्या भावापासून खाली उतरतो आणि जो पहिल्यांदा कळ दाबेल त्याचा माल. अण्णांच्या वडिलांच्या पिढीने रुमालाखाली बोटे दाबून सौदे केले होते. "बोली चढते तेव्हा दुसऱ्याच्या तोंडाकडं बघता येतं. इथं स्वतःच्याच लोभाकडं बघावं लागतं. थांबलं तर स्वस्त, जास्त थांबलं तर गेलं," असे अण्णा म्हणाले. त्या दिवशी ते प्रथमच खुलले होते. मुलाने तेवढ्यात घराचा विषय काढला, आणि ते पुन्हा गाड्यांकडे पाहू लागले.

ॲमस्टरडॅम शहर त्यांनी दोन दिवस पायी पाहिले. या शहराचे सौंदर्य कालव्यांत आहे असे प्रवासवर्णने सांगतात, आणि ते खरेही आहे. २०१० पासून हा कालव्यांचा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत आहे. परंतु अण्णांची नजर घरांच्या माथ्यांवर खिळली. सतराव्या शतकातल्या त्या अरुंद, उंच घरांच्या शिखराशी एकेक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला लोखंडी आकडा असतो. दोर आणि कप्पी लावून मालाची पोती थेट माळ्यावर चढवीत. वर जाणारा माल भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरांचा दर्शनी भाग मुद्दाम थोडा पुढे झुकवलेला आहे. खाली पेढी, मध्ये बिऱ्हाड, वर कोठार. रचना पेठेतल्या जुन्या वाड्यांची आठवण देणारी, फक्त कोठाराची जागा उलटी. दलदलीवर घरे बांधणाऱ्या या लोकांनी जमिनीवर कधी विश्वासच टाकला नाही. डॅम चौकातला राजवाडादेखील १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. अण्णा एका घरासमोर बराच वेळ मान वर करून उभे राहिले. "आपण खाली पुरलं, ह्यांनी वर टांगलं," ते आक्कांना म्हणाले.

त्या माळ्यांवर मिरी, लवंग, जायफळ यांची पोती चढत होती. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे जुने कार्यालय शहराच्या मध्यभागी अजून उभे आहे. तेथे आता विद्यापीठाचे वर्ग भरतात. काजूच्या खरेदीसाठी वेंगुर्ल्याला जाणाऱ्या अण्णांनी याच कंपनीच्या वखारीचे पडके अवशेष अनेकदा पाहिले होते. मसाल्याच्या व्यापाऱ्याने आपल्या धंद्यातल्या पूर्वसूरींचे वैभव पाहून हरखून जावे, असे ते दृश्य होते. पण जायफळाच्या मक्तेदारीसाठी याच कंपनीने १६२१ मध्ये बांदा बेटांवरच्या हजारो रहिवाशांची कत्तल केली, हे मुलाने सांगितले तेव्हा आक्का कालव्याकाठच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी पुढची घरे पाहण्याचे नाकारले. त्या दिवशीची सहल तेथेच संपली.

हेग शहरात आक्कांची भाची नोकरीनिमित्त राहते. शांतता प्रासाद, संसदेजवळचे तळे वगैरे सारे पाहून झाले, परंतु आक्कांच्या मनात राहिला तो तिथला मोठा उघडा बाजार. तेथे चवळीच्या लांब शेंगा, कारली, भेंडी अशी भाजी मांडून बसलेल्या एका वृद्ध बाईने त्यांच्याकडे पाहून हसत हिंदीत भाव सांगितला. ती हिंदी ओळखीची होती आणि नव्हतीही. भोजपुरी वळणाची, मध्येच डच शब्द पेरलेली. ही सरनामी भाषा. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' या जहाजातून कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला, तेव्हाच्या डच वसाहतीत गेली. १९१६ पर्यंत सुमारे चौतीस हजार माणसे अशी गेली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यापैकी अनेकांचे वंशज हॉलंडमध्ये आले आणि हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली.

भाजीवाल्या बाईने भारत पाहिलेला नव्हता. तिच्या आईनेही नाही. आक्कांनी तिला विचारले, मग भाषा कशी राहिली? "घर में," एवढेच ती म्हणाली आणि शेंगा तोलू लागली. परतीच्या आगगाडीत आक्का गप्प होत्या. नात घरी मराठी समजते, पण उत्तर डचमध्ये देते, ही गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून सलत होती. त्या रात्रीपासून आक्कांनी नातीचे डच उत्तर ऐकू न आल्याचा बहाणा सुरू केला. चौथ्या दिवशी पाण्याचा पेला मराठीत मागितला गेला.

रॉटरडॅमला अण्णांचे शाळूसोबती राहतात. जहाजांवर अभियंता म्हणून आयुष्य घालवून ते तेथेच स्थायिक झाले. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी या शहराचा मध्यभाग बेचिराख केला. त्यामुळे ॲमस्टरडॅमची जुनी घरे येथे शोधू नयेत. तिरक्या घनाकृती घरांचा समूह आणि भल्या थोरल्या कमानीखालचा मंडईचा वाडा पाहून दोघा मित्रांनी शाळेतल्या मास्तरांच्या आठवणी काढल्या. मुलाने मित्राला आधी काही सांगून ठेवले होते की काय, कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राने गाडी काढली आणि अण्णांना थेट समुद्राच्या दिशेने, मास्लांट बंधाऱ्यावर नेले.

१ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे उत्तर समुद्राच्या उधाणाने दक्षिण हॉलंड व झीलंड प्रांतांतले बांध फोडले आणि १,८३६ माणसे बुडाली. त्यानंतर डचांनी चार दशके बंधारे बांधले. त्या मालिकेतला मास्लांट हा १९९७ चा. बंदराकडे येणाऱ्या रुंद जलमार्गाच्या दोन्ही काठांवर दोन अजस्र दारे गोदीत पडून असतात. प्रत्येकाची लांबी २१० मीटर. उधाणाचा अंदाज ठरावीक पातळीपलीकडे गेला की गोदीत पाणी सोडतात, दारे तरंगतात, प्रवाहाच्या मध्यावर येऊन भिडतात आणि मग त्यांच्या पोटात पाणी भरून त्यांना तळाशी बसवतात. पाण्यानेच पाणी अडवायचे. वादळामुळे ही दारे आजवर क्वचितच लावावी लागली. २००७ मध्ये एकदा, डिसेंबर २०२३ मध्ये एकदा. तरीही दरवर्षी वादळांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ती लावून पाहण्याची तालीम होते.

"न लागणाऱ्या दारावर एवढा खर्च?" अण्णांनी विचारले.

"तू विम्याचा हप्ता भरतोस ना? हा अख्ख्या गावाचा हप्ता," मित्र म्हणाला. वाऱ्यात दोघांच्या टोप्या उडू पाहत होत्या. अण्णांनी २०१९ ची सारी हकिगत, बहुधा प्रथमच, सविस्तर सांगितली ती तेथे, त्या लोखंडी सांगाड्याकडे पाठ करून. गोदामाच्या दारात ते तीन दिवस कसे उभे होते. पाणी ओसरल्यावर हळदीच्या वासाऐवजी कसला वास आला. आणि मुलाचा फोन आला तेव्हा "या इकडे, सोडा ते" हे त्याचे शब्द त्यांना पुरापेक्षा अधिक कसे लागले.

सहीच्या दोन दिवस आधी मुलाने नवे घर दाखवले. हॉफडॉर्प हे गाव ज्या जमिनीवर आहे तेथे १८५२ पर्यंत हार्लेमचे विस्तीर्ण सरोवर होते. वादळात काठ गिळणाऱ्या त्या सरोवराला लोक 'पाण्याचा लांडगा' म्हणत. आधी त्याच्याभोवती कालवा खणला, मग वाफेच्या तीन प्रचंड पंपांनी तीन वर्षे उपसून ते कोरडे केले. तो वेढा घालणारा कालवा आजही वाहतो, आणि त्याचे पाणी आतल्या शेतांपेक्षा कितीतरी उंचावर आहे. रस्त्यावरून जाताना बांधापलीकडे, डोक्याच्या वर, एक होडी शांतपणे सरकताना दिसली. आक्कांनी हात जोडले. अण्णा हसले.

रिकाम्या घरात मुलाने कागदांची थैली जमिनीवर ओतली. तीस वर्षांच्या कर्जाचा आकडा पाहून अण्णांच्या कपाळावर आठी पडली. उधारीवर माल घेणारा व्यापारीही स्वतःचे घर उधारीवर घेताना बिचकतो. मग त्यांच्या हाती एक वेगळे पत्र आले. ते पाणी-मंडळाच्या कराचे होते. तेराव्या शतकापासून चालत आलेली ही मंडळे आज देशभरात एकवीस आहेत. बांध, कालवे, पंप त्यांच्याकडे. त्यांचा कर वेगळा, आणि दर चार वर्षांनी निवडणूकही वेगळी. मुलगा या देशाचा नागरिक नाही. व्हायचे तर भारताचे पारपत्र परत करावे लागेल, आणि त्याबद्दल त्याने अजून काही ठरवलेले नव्हते. पण तेथे रीतसर राहणाऱ्या परदेशी माणसालाही या मंडळासाठी मत देता येते.

"तू दिलंस?"

"दिलं, अण्णा."

अण्णांनी पत्राची घडी घातली. पेढीचा विषय त्यांनी स्वतःच काढला. पुतण्या दोन वर्षे गोदाम सांभाळतोच आहे. त्याला भागीदार करून घ्यायचे. मुलाने काही बोलण्यासाठी तोंड उघडले, पण आक्कांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याच संध्याकाळी अण्णांनी पुतण्याला फोन करून गवंडी बोलवायला सांगितले. गोदामाचा ओटा चार फूट वर घ्यायचा आणि चोपड्यांचे कपाट माळ्यावर न्यायचे.

सही झाली त्या सकाळी अण्णांनी नव्या घराच्या उंबरठ्याची उंची वितीने मोजली. एक वीतही भरली नाही. आक्कांनी सांगलीहून आणलेली हळद स्वयंपाकघरात ठेवली.

"घराचे कागद वरच्या मजल्यावर ठेव," अण्णा मुलाला म्हणाले, आणि नातीचा हात धरून कालव्यावरच्या होड्या पाहायला निघाले.