एका घासाच्या वाट्या

साय धरायची तर म्हशीचं दूध मंद आचेवर तापवावं, वर येऊ लागलं की उतरवावं आणि मग त्याला हात लावू नये. पातेलं हलवायचं नाही, सारखं झाकण उघडून बघायचं नाही. आमच्याकडे घोडनदीला (शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात) सकाळी दूध घालायला येणारे मामा दुधाची प्रत एका वाक्यात सांगतात, “आज सातची फॅट लागली.” हा संकलन केंद्रावरच्या यंत्राचा आकडा. शंभर ग्रॅम दुधात सात ग्रॅम स्निग्धांश. असं दूध रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की सकाळी वर भाकरीएवढी जाड, पांढरीशुभ्र चकती जमते. सुरीनं कडा सोडवल्या की ती अखंड उचलता येते. तीन दिवसांची साय जमवली की एक वाटी होते, आणि ती एक वाटी चोवीस टार्टना पुरते. एकेकाला चहाचा एक चमचा.

टार्ट म्हणजे खुसखुशीत पिठाची वाटी, तळाशी जॅम, वर क्रीम. माझ्या आत्याकडे त्यांना ‘जॅमच्या वाट्या’च म्हणायचे. आत्या दौंडची. काका रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथे. 1878 मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. ड्रायव्हर, गार्ड, फिटर अशी माणसं आली आणि त्यांच्यात अँग्लो-इंडियन कुटुंबंही आली. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. तेवढा वेळ गाडी उभी असायची. शंटिंगचे ते धक्के, त्या शिट्ट्या आत्याच्या स्वयंपाकघरात ऐकू येत. त्या आवाजातच मी पीठ मळायला शिकले.

शिकवलं शेजारच्या आंटींनी. त्या गार्डच्या पत्नी. नाताळात कुलकुल आणि केक, आणि एरवी कुणाचा वाढदिवस असला की या वाट्या. त्या माठातल्या पाण्यात हात बुडवायच्या, पुसायच्या आणि मगच पिठाला लावायच्या. “हाताची गरमी पिठाला नको लागायला, बेटा,” एवढंच म्हणायच्या. दोनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम थंड लोणी, चिमूटभर मीठ. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं. आत्या शेजारी उभी राहून बघत होती. तिनं मूठभर पीठ उचललं, मुठीत दाबलं, उघडून बघितलं. मुटका झाला होता. बोट लावलं तसा फुटला. ती आंटींना म्हणाली, “अहो, हे तर आमचं करंजीचं मोहन!”

मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. दोघींचे देव वेगळे, सण वेगळे, भाषा तर निम्मी हिंदी निम्मी मराठी. पण पिठाच्या कणाला आधी तूप-लोण्याचा लेप बसला की पाण्यानं त्याला चिवटपणा येत नाही आणि म्हणून ते खुसखुशीत होतं, हे दोघींच्या बोटांना आधीपासून ठाऊक होतं. आत्यानं पुढचं काही विचारलंच नाही. दोन चमचे गार पाण्यात गोळा बांधला, ओल्या फडक्यात झाकला, पातळ लाटला. साचे आंटींचे, कडेला चुण्या असलेले, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडे मोठे. बारा होते. पारी साच्यात बसवायची, अंगठ्यानं चुणीचुणीत दाबायची, तळाला काट्यानं टोचायचं, वर कागदाचा तुकडा आणि मूठभर मटकी. मटकीचं वजन नसेल तर तळ पुरीसारखा फुगतो. मग काचेची खिडकी असलेल्या त्या गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. कडा बदामी झाल्या की काढायच्या.

जॅम मात्र आत्याचा. मार्च ते मे हा अंजिराचा मीठा बहार, आणि दौंड तालुक्यातल्या खोरची अंजिरं बाजारात यायची ती पाटीत, अंजिराच्याच पानांवर निजवलेली. हे फळ थांबत नाही. आज मऊ, उद्या पाझरलेलं. म्हणून आणल्या दिवशीच गॅसवर. देठ खुडला की पांढरा चीक येतो, तो बोटांना खाजतो, आत्या आधी हाताला तेल लावायची. फळ उभं चिरलं की आत लालसर धाग्यांची दाटी दिसते. ती फुलं. अंजीर उंबराचंच भावंड. आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो ते काही मुळीच नसलेलं नसतं, ते फळाच्या पोटात असतं. अर्धा किलो अंजिरांना तीनशे ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. अंजिरात आंबटपणा फार कमी, लिंबाशिवाय जॅम नीट जमत नाही आणि टिकतही नाही. रटरटू लागलं की गार बशीवर थेंब टाकायचा आणि मधून बोट ओढायचं. रेघ तशीच राहिली, दोन्ही काठ परत मिळाले नाहीत, की गॅस बंद. थंड झाल्यावर रंग मधाहून गडद आणि दाताखाली बारीक बियांची कुरकुर. बाजारच्या लाल जॅममध्ये ही कुरकुर नसते, म्हणून मला तो इथे अपुरा वाटतो.

साय फेटायची ती गार. लग्नानंतर शिरूरला पहिल्यांदा या वाट्या केल्या तेव्हा वैशाख होता, दुपारचे दोन. मी साय रवीनं घुसळत राहिले आणि बघता बघता भांड्यात पाणी वेगळं, गोळा वेगळा. लोणी आलं होतं. उष्म्यानं स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटले की परत सुटत नाहीत. मला रडू आलं. सासूबाईंनी काही न बोलता तो गोळा कढईत टाकला, तूप कढवलं आणि म्हणाल्या, “पहाटे उठून कर. परातीत बर्फाचं पाणी ठेव आणि त्यात भांडं बसव.” आजही मी पहाटेच करते. पिठीसाखर, दोन चमचे गार दूध, हलक्या हातानं. बेकरीतल्या क्रीमसारखी ही फुगत नाही. दाट, मऊ राहते, आणि तिला दुधाचा वास असतो.

शिरूरला ब्रिटिश फौजेतल्या कर्नल वॉलेसची समाधी आहे. 1809 मध्ये इथल्या छावणीत तो वारला. गावानं त्याला सत्पुरुष मानलं, आणि सुगीत पहिल्या धान्याचा नैवेद्य लोक त्याच्या थडग्यापुढे ठेवायचे, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. सासूबाईंनी पहिली जॅमची वाटी देवापुढे ठेवली तेव्हा मला त्या नैवेद्याची आठवण झाली. परक्या मुलखातून आलेलं काही आवडलं तर त्याला देवघराच्या वाटेनं घरात घ्यायचं, ही या गावाची जुनी रीत.

आंटींचं कुटुंब पुढे ऑस्ट्रेलियाला गेलं. जाताना साचे आत्याला देऊन गेल्या. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, लाटणं धरवत नाही, पण पीठ अजून तीच चोळते. आतेवहिनी लाटते, भाजते. दर उन्हाळ्यात आतेभाऊ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोऱ्या वाट्या आणि जॅमची बरणी घेऊन येतो. भरलेल्या आणता येत नाहीत, ओल लागून मऊ पडतात. वाटेत पाटस, चौफुला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव, गुऱ्हाळांचा गोड धूर, पारगावला भीमा ओलांडायची, मग न्हावरा. आमच्या गावची घोड नदी मात्र उलट निघालेली असते, दौंडच्या अलीकडे भीमेला मिळायला. वाट्या दौंडच्या, जॅम खोरच्या अंजिरांचा, साय शिरूरची. माणसं दारात चपला काढत असतानाच भरायला घ्यायचं, आधी नाही.

या वर्षी चोवीस भरल्या. नातीला उष्टावणाच्या वयापासून ‘एक घास चिऊचा’ करत भरवलंय. तिनं अख्खी वाटी एकदम तोंडात घातली आणि गाल फुगवून बसली. सहा वाट्या ताटलीत घालून शेजारच्या काकूंकडे दिल्या. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली, तिच्यावर दोन कैऱ्या. मी त्या सोलून किसल्या, साखर घातली, आणि डब्यात उरलेल्या वाट्या मोजल्या. सात होत्या. रात्री दूध मंद आचेवर ठेवलं.