हात मांडीवर ठेवा!

माझ्या वर्गाचा पहिला तास फळ्याशिवाय होतो. नव्या परिचारिकांना मी अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ स्टुलावर बसवते आणि सांगते, "हात मांडीवर ठेवा. पंधरा मिनिटं काही करायचं नाही. नुसतं पाहायचं."

मुली गालातल्या गालात हसतात. नर्सने हात मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे शुद्ध कामचुकारपणा! पाच मिनिटांत एकीचा हात दुपट्याकडे जातो, दुसरीला बाळाचं टोपडं सरळ करावंसं वाटतं. "अगं, पाहा म्हटलं ना!" असं मला दोन-तीनदा तरी दटावावं लागतं.

तुम्ही म्हणाल, पाहण्यात काय शिकवायचं? डोळे तर साऱ्यांनाच असतात. मलाही तसंच वाटत होतं. ते चूक आहे हे मला एका आईने शिकवलं, आणि त्या शिकवणीची फी तिनेच भरली.

१९८७चा पावसाळा. मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका इस्पितळात नवीन होते. जंगलातल्या एका गावाहून आलेली ती बाळंतीण. तिला आठव्या महिन्यातच मुलगा झाला होता. वजन जेमतेम दीड किलो. चौथ्या दिवशी रात्री दहाच्या सुमाराला ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, माझं लेकरू आज निराळंच करून राहिलं."

"निराळं म्हणजे काय?"

तिला ते सांगता येईना. "कालच्यासारखं दूध घेत नाही. रडतही नाही तसं. हाताला गार लागते."

मी तक्ता पाहिला. आठ वाजता ताप नव्हता, नाडी ठीक होती. तक्ता माझ्या अक्षरातला, म्हणजे खराच! "शांत झोपलंय ते," मी म्हटलं, "तुम्हीही झोपा." उठून बाळापर्यंत मी गेले नाही. दहा पावलांवर तर होतं!

पहाटे पाहिलं तेव्हा बाळाचे हातपाय लोळागोळा झाले होते. डॉक्टर धावत आले, इंजेक्शनं झाली, पण दुपारपर्यंत सारं संपलं. त्या माउलीने मला बोल लावला नाही. तिची सासू तर उलट माझीच समजूत घालत होती, "आठमाशी होतं बाई, आठमाशी जगत नाही. सातमाशी जगते."

आणि मी, शिकलेली परिचारिका, मान खाली घालून गप्प राहिले. ते खरं नाही हे मला ठाऊक होतं. आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकट असतं; पोटात काढलेला प्रत्येक आठवडा त्याच्या कामी येतो. पण त्या समजुतीच्या आड माझी चूक लपत होती. ती मी लपू दिली.

पुढे बारा वर्षांनी शेजारच्या गडचिरोलीतली एक हकीगत वाचनात आली. गडचिरोली म्हणजे काही परका मुलूख नव्हे. १९८२पर्यंत तो चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत एक प्रयोग केला होता. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या, गावातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. या 'आरोग्यदूत' पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा घरी जात, बाळाचं वजन करीत, श्वास मोजीत, आणि बाळाला पाहत.

काय पाहत? दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं का? रडणं क्षीण झालं का? हातपाय सैल पडले का? ओकारी किंवा पोटफुगी आहे का? छाती आत ओढली जाते का? नाळ चिघळली का? आणि आई म्हणते का, की बाळ हाताला गार लागतं? पुढे या निरीक्षणांतूनच जंतुदोष ओळखायची सात लक्षणं ठरली. त्यांतली कोणतीही दोन एकदम दिसली, की उपचार सुरू करायचा.

या सातांत आईचा शब्द हे एक लक्षण आहे, हे मी वाचलं आणि कागद खाली ठेवला. माझ्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या त्या बाईने एका दमात तीन लक्षणं सांगितली होती. तिने काहीच नीट सांगितलं नाही, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले होते!

त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बालकं दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आणि अपुऱ्या दिवसांची बाळं? त्यांच्यात आधी दर तिघांत एक दगावत होतं, नंतर दहांत एक. यंत्रं नव्हती. उब होती, आईचं दूध होतं, औषधं होती, आणि शिकवलेले डोळे होते.

तेव्हापासून मी वर्गाची रीत बदलली.

अमेरिकेत बॉस्टनच्या हायडेलीस आल्स या बाईंनी अशा बाळांच्या हालचालींचा मोठा अभ्यास केला आहे. त्यांच्या वाचनाने माझीही नजर तयार झाली. पंधरा मिनिटं नुसतं पाहिलंत तर तुम्हांलाही दिसेल. दुपटं झटकन ओढलं, की बाळाची बोटं पंख्यासारखी फाकतात, अंगावर चट्टेपट्टे उमटतात. लागोपाठ उचक्या, शिंका, जांभया येतात. ते नजर वळवून घेतं. "पुरे, थोडं थांबा," असंच ते सांगत असतं. मग मूठ तोंडाशी नेतं, पाय कशाला तरी टेकवू पाहतं. स्वतःला सावरत असतं बिचारं. त्याला कापडाचं घरटं करून द्यावं, डोळ्यांवरचा दिवा मंद करावा, चार कामं चार वेळा न करता एकदमच उरकावीत. आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवावं, म्हणजे तर उत्तमच.

मात्र थकलेलं बाळ आणि आजारी बाळ यांत फरक असतो. थकलेलं बाळ विसावा मिळाला की सावरतं. आजारी सावरत नाही. काल ते कसं होतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच आजचा फरक कळतो. आणि कालचं बाळ आईइतकं कोणाला ठाऊक असतं?

डोळ्यांनी यंत्राची जागा घ्यावी असं मी म्हणत नाही. प्राणवायू हवा, औषध हवं, डॉक्टरही हवेत. पण त्यांना वेळेवर बोलवायचं ते डोळ्यांनीच. २०११पासून देशभर आशाताई नवजात बाळांच्या घरी जातात, ती वाट गडचिरोलीच्याच पायवाटेवरून निघाली आहे.

मागे एका विद्यार्थिनीने रात्रपाळीच्या नोंदीत तापमानाच्या रकान्याखाली लिहिलं : "आई म्हणते, बाळ काल हाक मारली की कपाळाला आठ्या घालायचं, आज घालत नाही. मी पंधरा मिनिटं पाहिलं. घालत नाही. चमचाभर दूधही नीट घेतलं नाही. डॉक्टरांना उठवलं."

तापमान व्यवस्थित होतं. बाळाला जंतुदोष झाला होता. तीन आठवड्यांनी ते आईच्या पदराखाली घरी गेलं.

मी ते पान बराच वेळ वाचत होते. मुलगी घाबरून म्हणाली, "मॅडम, रकान्याबाहेर लिहिलं, चुकलं का?"

"नाही गं," मी म्हटलं, "तेवढंच तर लिहायचं असतं."